सातशे चाळीसची दुसरी बाजू

निमिष-दोन ही दुर्बीण पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोचली, त्याला अडतीस दिवस झाले होते. या अडतीस दिवसांत पुण्यातल्या संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर ऋजुता देवस्थळीशी समोरासमोर बोललेलं माणूस कोण, तर चहाचं मशिन दुरुस्त करायला आलेले एक गृहस्थ. त्यांनी विचारलं, "मॅडम, एवढ्या मोठ्या मजल्यावर तुम्ही एकट्याच?" ऋजुता "हो" म्हणाली. गृहस्थांनी मशिन चालू करून दाखवलं, एक कप स्वतः प्यायला आणि ते निघून गेले.

मजला ओस पडला यात कुणाचा दोष नव्हता. दुर्बिणीकडून येणारी आकडेवारी साफ करणं, मोजणं, तपासणं, आलेख काढणं ही सगळी कामं आता 'पडताळ' नावाची प्रणाली करायची. पूर्वी या कामाला बावीस माणसं लागत. ती भांडत, एकमेकांच्या डब्यातलं खात, एकमेकांच्या चुका काढत. आता निष्कर्ष ज्याच्या त्याच्या घरी पोचायचे. ऋजुता एकसष्ट वर्षांची होती, मुदतवाढीवर होती, आणि घरी बसून करायचं काय हे तिला ठाऊक नव्हतं. म्हणून ती रोज साडेनऊला येऊन बसायची.

ती येऊन बसायची ते एका ताऱ्यासाठी. यादीत त्याचा क्रमांक लांबलचक होता आणि शेवटी सातशे चाळीस होतं, म्हणून त्याचं नाव सातशे चाळीस. गेली तेवीस वर्षं ती त्याच्या मागे होती.

सातशे चाळीससारखे तारे सूर्यापेक्षा थोडे मोठे आणि थोडे गरम असतात, पण त्यांच्या अंगात चुंबकत्व असतं ते अचाट, पृथ्वीच्या हजारो पट. त्या चुंबकाच्या अक्षावरच ते धडधडत असतात. एक ध्रुव किंचित फुगतो तेव्हा समोरचा ध्रुव किंचित दबतो, मग उलट. सातशे चाळीसला या एका धडधडीला अकरा मिनिटं बत्तीस सेकंद लागत. त्याचा उजेड त्यात कमीजास्त व्हायचा तो हजारातला एखादा भाग. जमिनीवरून पाहिलं तर मधली हवाच त्याहून जास्त थरथरते, म्हणून दुर्बीण हवेच्या पार पलीकडे पाठवावी लागते.

आता गंमत अशी, की तारा स्वतःभोवती फिरतो तो एका अक्षावर आणि धडधडतो तो दुसऱ्या तिरक्या अक्षावर. त्यामुळे तो वळत जातो तसा कधी एक चुंबकीय ध्रुव आपल्यासमोर येतो, तर कधी आपण त्याला कडेवरून पाहतो. कडेवरून पाहताना निम्मा तारा उजळतो तेवढाच निम्मा मंदावतो. बेरीज शून्य. तारा तिकडे पूर्वीसारखाच धडधडत असतो, पण आपल्याला वाटतं तो गप्प झाला. पुढे दुसरा ध्रुव समोर आला की धडधड पुन्हा दिसू लागते, पण उलटी. उजेड वाढायच्या क्षणी कमी होतो, कमी व्हायच्या क्षणी वाढतो. बहुतेक असे तारे काही दिवसांत एक फेरी पुरी करतात. सातशे चाळीस भलता सावकाश होता, त्याच्या एका फेरीला साठएक वर्षं लागतात असा हिशेब होता.

दोन हजार पंचेचाळीसच्या मार्चमध्ये सातशे चाळीस गप्प झाला. चौदा महिने काही दिसलं नाही. सेहेचाळीसच्या मे महिन्यात पहिल्या निमिष दुर्बिणीला तो पुन्हा दिसला, फक्त सहा आठवडे, आणि ऋजुतानं जगाला सांगितलं की तो उलटला आहे. धडधड बरोबर अर्ध्या पावलानं सरकली होती. पुढच्या वर्षी पहिली दुर्बीण बंद पडली. पण तेवढ्यावर ऋजुता प्रसिद्ध झाली. बारावीच्या पुस्तकात आकृती आली. निबंधावर दोन नावं होती, ऋजुता देवस्थळी आणि मंदार सप्रे. मुलाखतीला मात्र एकटी ऋजुता गेली, कारण तोवर मंदारशी तिचा घटस्फोट होऊन तीन वर्षं झाली होती. मुलाखतीत ती म्हणाली, "शांततेनंतर जे परत येतं, ते उलटंच होऊन येतं." हे वाक्य लोकांना फार आवडलं. तिलाही आवडलं होतं. ते ताऱ्याबद्दल होतं की दुसऱ्या कशाबद्दल, हे तिला कुणी विचारलं नाही.

त्या उलटण्याच्या बळावरच निमिष-दोन बांधली गेली. पहिली चार वर्षं तिनं सातशे चाळीसकडे टक लावून बसायचं आणि समोर येणारा दुसरा ध्रुव टिपायचा, असं ठरलं होतं. लक्ष्यपत्रावर ऋजुताची सही शुक्रवारी व्हायची होती. एकदा दुर्बीण त्या दिशेला कुलूपबंद झाली की चार वर्षं हलणार नव्हती.

आणि बुधवारी दुपारी, डबा खाताखाता, ऋजुतानं चाचणीची आकडेवारी उघडली.

सातशे चाळीस छान धडधडत होता. पण सुलटा.

पहिला विचार तिला तोच आला जो कुठल्याही निरीक्षकाला येईल, की यंत्राचं घड्याळ चुकलंय. तिनं डब्याचं झाकण लावलं आणि दुसरे अकरा तारे तपासले. सगळे आपापल्या वेळेवर होते. मग वाटलं, मधल्या पाच वर्षांत आपलंच एखादं आवर्तन मोजायचं राहिलं असेल. तिनं पडताळला विचारलं. पडताळ म्हणाला, मोजणी बरोबर आहे, फरक पाच मिनिटं चव्वेचाळीस सेकंदांचा आहे, आणि सेहेचाळीसच्या नोंदीतल्या वेळा मूळ मानल्या आहेत. दिलेल्या वेळेवर पडताळ कधी शंका घ्यायचा नाही. तो स्वभाव माणसांचा.

पाच मिनिटं चव्वेचाळीस. ऋजुता त्या आकड्याकडे बघत राहिली. तो आकडा तिच्या ओळखीचा होता.

दुर्बीण पृथ्वीबरोबर सूर्याभोवती फिरते. वर्षातले काही महिने ती ताऱ्याच्या थोडी जवळ असते, काही महिने थोडी लांब, त्यामुळे ताऱ्याचा उजेड तिला कधी काही मिनिटं आधी मिळतो, कधी नंतर. म्हणून प्रत्येक वेळ बदलून घ्यायची असते, जणू आपण सूर्यापाशी उभं राहून घड्याळ पाहतो आहोत. याला ही मंडळी सूर्यदुरुस्ती म्हणत. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ती येते. सातशे चाळीससाठी मे-जूनमध्ये ती भरायची बरोबर एवढीच, पावणेसहा मिनिटांच्या आतबाहेर. आणि अकरा मिनिटं बत्तीस सेकंदांचं अर्धंही साधारण तेवढंच.

दुरुस्ती एकदा केली तर तारा सुलटा. दोनदा केली तर उलटा.

तिनं केली होती हे तिला पक्कं ठाऊक होतं. प्रश्न एवढाच होता, की फाइल तिच्याकडे येण्याआधी मंदारनंही केली होती का.

मंदार दक्षिणेतल्या भूकेंद्रात होता. दुर्बिणीचे संदेश तिथं उतरायचे, तो त्यांची फाइल करायचा आणि पुण्याला धाडायचा. फाइलच्या डोक्यावर एक रकाना होता, दुरुस्ती केली असेल तर एक लिहायचं, नसेल तर शून्य. मंदार तो रकाना कधी भरायचा नाही, तिथं कायम शून्यच असे. लग्न झाल्यापासून तो महिन्यातले पंधरा दिवस पुण्यात असायचा, आणि सकाळी पोहे परतताना ऋजुता विचारायची, "केलंस का?" तो म्हणायचा, "विसरलो गं, तूच कर." दरवेळी. त्यावरून ती त्याला टाकून बोलायची, की अंतराळाच्या पार गेलास तरी निम्मं काम माझ्याच गळ्यात. तोंडी चालायचं सगळं, म्हणून रकान्याची फिकीर कुणी केली नाही. घटस्फोटानंतर पोहेही गेले आणि विचारणंही गेलं. फाइली मात्र यायच्या, सोबत एका शब्दाची चिठ्ठी नाही. ऋजुता शून्य बघायची आणि दुरुस्ती करायची.

मूळ, कच्चे संदेश भूकेंद्रात पाच वर्षं ठेवत आणि मग पुसत. गेल्याच महिन्यात ते पुसले गेले होते. आता जगात हे सांगू शकणारा एकच माणूस उरला होता, आणि त्याच्याशी ती आठ वर्षांत बोलली नव्हती.

तिनं चहा घेतला. मग दुसरा घेतला. मशिन उत्तम चालत होतं. मजल्यावर दोन चकरा मारल्या. सही करून टाकावी असं तिला वाटलं, खरंच वाटलं. चार वर्षांत तारा काय दाखवेल ते दाखवेल, तोवर आपण निवृत्त. चाचणीची आकडेवारी पाहणार कोण? पडताळ पाहील, आणि पडताळ कुणाच्या दारात येऊन विचारणार नाही. या विचाराची तिला लाज वाटली आणि तरी तो जाईना. तेवीस वर्षांत तिच्याजवळ दुसरं काही जमलं नव्हतं.

शेवटी तिनं फोन लावला. मंदार निवृत्त होऊन बेळगावला, बहिणीच्या शेजारी राहायला गेलाय, एवढंच तिला कुणाकडून तरी कळलं होतं.

"बोल की," पलीकडून आवाज आला. कोण, काय, काही नाही. नंबर अजून त्याच्याकडे होता.

"मंदार, एकच विचारायचंय. सेहेचाळीसच्या मे महिन्याची फाइल. सातशे चाळीसची."

"होय."

"तिच्यावर सूर्यदुरुस्ती केली होतीस?"

मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"केली होती," तो म्हणाला.

ऋजुता खुर्चीत बसली. "तू? जन्मात कधी केली नाहीस. तेव्हाच का केलीस?"

"तू नेहमी बोलायचीस ना, निम्मं काम माझ्या गळ्यात म्हणून. म्हटलं, एवढ्या महिन्यांनी तारा परत आलाय, आणि आता ती एकटी आहे, सगळं तिलाच बघावं लागत असेल. एवढं तरी आपण करून द्यावं."

"मग रकान्यात एक लिहायचं की रे!"

"रकाना कुठं कधी भरला होता मी? लक्षातच नाही आलं. तूही विचारलं नाहीस."

ते खरं होतं. तिनं विचारलं नव्हतं. चौदा महिने गप्प असलेला तारा पुन्हा दिसला, आयुष्यातली सगळ्यात मोठी फाइल हातात आली, आणि एका ओळीचा निरोप टाकायला तिचा हात गेला नव्हता. तो विसरलाच असणार याची तिला इतकी खात्री होती. विचारल्याशिवाय ती करणार नाही याची त्यालाही तितकीच खात्री होती. दोघांनी एकमेकांना पुरतं ओळखलं होतं, असं दोघांनाही वाटत होतं.

"तुला कळलं कसं?" मंदारनं विचारलं.

"नवी दुर्बीण. तो सुलटा दिसतोय." मग तिच्या काहीतरी ध्यानात आलं. "तुला आश्चर्य नाही वाटलं."

"नाही. मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"निवृत्त होताना टेबल आवरत होतो. जुने कच्चे संदेश चाळून बघितले. दोन वर्षं झाली. प्रत ठेवलीय मी, काळजी नको करू. पुसायच्या आधीच काढून घेतली."

"दोन वर्षं!" ऋजुताचा आवाज चढला. रिकाम्या मजल्यावर तो फारच मोठा वाटला. "दोन वर्षं मंदार! एक फोन नाही करता आला? एवढी दुर्बीण बांधली लोकांनी!"

"नंबर चार वेळा काढला. पत्रही लिहिलं होतं, टाकलं नाही. तुझी ती मुलाखत बघितली होती मी. जे परत येतं ते उलटंच होऊन येतं म्हणालीस. मी म्हटलं, हिला तसंच हवंय. आणि वाटलं, कधीतरी तिच्या लक्षात येईलच, एवढी हुशार आहे. मग विचारायला तरी फोन करील."

ऋजुताला रडू आलं. तिनं फोन तोंडापासून लांब धरला.

"हे बघ ऋजू," तो म्हणाला, "सही शुक्रवारी आहे ना? बातमीत वाचलं. तू सही केलीस तरी माझ्याकडून कुणाला काही कळणार नाही. प्रत इथंच राहील. तुझं नाव राहू दे."

मिनिटभर तिनं ते मनात घोळवलं. त्याच्या बोलण्यात दया नव्हती, उपकार नव्हता. त्यानं दुरुस्ती जशी करून ठेवली होती तसंच हेही तो करून ठेवत होता, तिच्यासाठी, मुकाट्यानं. आणि तीही आता मुकाट्यानं सही करील, त्याचंही नाव वाचलं असं स्वतःला सांगील, की झालं. पुन्हा दोघं एकाच गोष्टीवर आपापल्या घरी बसून, न विचारता, हात फिरवून मोकळे.

"नको," ती म्हणाली. "या वेळी सांगून करूया. तू प्रत पाठव. मी निबंध मागे घेते. दोघांच्या नावानं."

"बरं," मंदार म्हणाला. "पाठवतो."

प्रत तासाभरात आली. या वेळी सोबत एक ओळ होती: 'हिच्यावर काहीही केलेलं नाही.' रकान्यात शून्य होतं आणि तेही खरं होतं. ऋजुतानं सूर्यदुरुस्ती हातानं केली, एकदाच, पडताळला न सांगता. सातशे चाळीस सेहेचाळीस साली सुलटाच परत आला होता. तो पूर्ण वळला नव्हताच. कडेपर्यंत गेला होता, इतका कडेला की आपल्याला तो संपल्यासारखा वाटला, आणि मग तोच ध्रुव घेऊन हळूहळू मागे आला होता. त्याची ठेवणच अशी तिरकी होती. दुसरी बाजू आपल्याला कधीच दिसणार नव्हती, चार वर्षांत नाही आणि चारशे वर्षांतही नाही.

शुक्रवारी लक्ष्य समितीच्या बैठकीला सातजण पडद्यावर होते आणि ऋजुता एकटी सभागृहात. तिनं आठ मिनिटांत सगळं सांगितलं. अध्यक्ष इनामदारबाईंनी चष्मा काढला. त्या तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होत्या आणि त्यांचा प्रबंधच या उलटण्यावर होता.

"मॅडम, चूक नक्की कुणाची म्हणून नोंदवायची?" त्यांनी विचारलं. "नियमाप्रमाणे एक नाव लागतं."

"दोन्ही लिहा."

"दोघांनीही जे केलं ते बरोबरच केलं होतं ना? वेगवेगळं पाहिलं तर."

"हो," ऋजुता म्हणाली. "वेगवेगळं पाहिलं तर."

सातशे चाळीसचं नाव लक्ष्यपत्रावरून काढलं गेलं आणि यादीतला दुसरा तारा तिथं आला. तो नऊ दिवसांत फेरी पुरी करणारा, चटपटीत होता. ऋजुताचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. इनामदारबाईंनी आभार मानले, धाडस वगैरे शब्द वापरले, आणि एकेक करून सातही चेहरे पडद्यावरून गेले. मुदतवाढीचा विषय कुणी काढला नाही. तो आता निघणार नाही हे सगळ्यांनाच कळलं होतं.

दुपारी तिनं मंदारला फोन केला. झालं ते सांगितलं. त्यानं नव्या ताऱ्याची धडधड किती मिनिटांची ते विचारलं, फेरी किती दिवसांची ते विचारलं. तिनं सगळं नीट सांगितलं. बोलताना तिला बरं वाटत होतं, आणि त्या बऱ्या वाटण्याच्या भरात तिनं विचारून टाकलं.

"मंदार, मी बेळगावला येऊ का? दोन दिवस. नुसतं भेटायला."

ती वाट बघत राहिली.

"नको ऋजू," तो म्हणाला. अगदी हळू म्हणाला. "तेव्हा विचारलं असतंस तर स्टेशनवर येऊन उभा राहिलो असतो. दोन वर्षांपूर्वीसुद्धा. आता इथलं सगळं बसलंय माझं. तू आलीस तर परत गेल्यावर मला पुन्हा पहिल्यापासून सवय करावी लागेल. तेवढा दम नाही राहिला गं."

"बरं," ती म्हणाली.

"रागावलीस?"

"नाही. बरं केलंस सांगितलंस."

फोन मात्र कुणी ठेवेना. मंदारनंच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "नव्या दुर्बिणीत सूर्यदुरुस्ती कोण करतं आता?"

"पडताळ करतो. आपोआप. संदेश उतरायच्या आधीच झालेली असते."

"म्हणजे केली का म्हणून कुणी कुणाला विचारायला नको."

"नको," ऋजुता म्हणाली. "आता कुणालाच कुणाला काही विचारावं लागत नाही."